शून्य अहवाल

बाटलीचं बूच काढलं आणि मला क्लोरीनचा वास आला. माझ्या नाकावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून बूच परत लावलं, खिडकीपाशी जाऊन दोन मोठे श्वास घेतले आणि येऊन पुन्हा काढलं. वास होताच.

"सिस्टर, जरा इकडे येता?"

सिस्टर एस्तेर साळवे नमुन्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवून निघाल्या होत्या. आमच्या रुग्णालयाचा डायलिसिस विभाग त्याच सांभाळत. त्या वळल्या.

"हे हुंगून बघा. कसला वास येतो?"

"पोहण्याच्या तलावाचा," त्या म्हणाल्या. "का हो?"

"नमुना कोणी घेतला?"

"सबनीस सरांच्या माणसाने, सकाळी साडेसहाला. बाटल्याही त्यांच्याच कॉलेजातून आल्यात. मी नुसती हमाल."

"पाइप धुऊन झाल्यावर घेतला की आधी?"

"आधी. मग आम्ही तासभर पाणी सोडून पाइप धुतले आणि आठला पेशंट लावले. काही चुकलंय का?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

"सहज म्हणून कुणी बाटली हुंगायला लावतं का, रिसबूड सर?" त्या हसल्या आणि गेल्या.

तो सोमवार होता, १९९२ सालच्या फेब्रुवारीची चोवीस तारीख. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होतो. म्हणजे तळघरातल्या एका खोलीत बसून लोकांच्या लघवीतले आणि नळाच्या पाण्यातले जंतू मोजत होतो. त्या कामात माणसांशी फार बोलावं लागत नसे, आणि मला ते सोयीचं होतं.

दोन महिने डायलिसिसच्या रुग्णांना एक विचित्र त्रास होत होता. मशीन लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरायची, ताप चढायचा, संध्याकाळपर्यंत सगळं ठीक. मशीनला मिळणाऱ्या पाण्यातच दोष आहे, असा संशय विभागाचे प्रमुख डॉ. बिराजदार यांना आला. विश्वस्तांनी मग शहरातल्या एका कॉलेजच्या विभागप्रमुखांना बोलावलं. डॉ. त्र्यंबक सबनीस. पाइपांच्या आत वाढणाऱ्या जंतूंच्या थरावरचे तज्ज्ञ. त्यांची पद्धत सोपी होती. रविवारी पाइपांत क्लोरीनचं कडक द्रावण भरून ठेवायचं, सोमवारी सकाळी काढून टाकायचं. गेले तीन सोमवार नमुने माझ्याकडे येत होते आणि मी अहवालावर 'शून्य' लिहून खाली सही करत होतो.

आता त्या वासाचा अर्थ. ज्या पाण्यात क्लोरीन असेल त्याचा नमुना घेताना बाटलीत आधीच थोडं थायोसल्फेट टाकतात. ते क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. नाही टाकलं, तर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आतला क्लोरीन जंतू मारत राहतो. मोजायला बसावं तर एकही जिवंत नसतो. पाइपात काय आहे ते कळतच नाही, फक्त बाटलीत काय उरलं ते कळतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे शिकवतात. मागचे तीन सोमवार मी बाटली न हुंगता पाणी घेतलं होतं. आधीच्या बाटल्या सबनीसांकडून आलेल्या, म्हणजे बरोबर असणार, असं मी धरून चाललो होतो. ही माझी चूक, आणि ती मी नाकारत नाही.

पण सबनीसांनी थायोसल्फेट विसरावं? या विषयात?

हा विषय माझा होता. १९८१ साली मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत असताना गावच्या जुन्या जलवाहिनीचे तुकडे आणून आतला बुळबुळीत थर खरवडून काढायचो. नळाच्या तोंडात बोट फिरवल्यावर जे गुळगुळीत लागतं, ती जंतूंची वस्ती असते. पाण्यातून एकेकटा वाहणारा जंतू क्लोरीनने चटकन मरतो. पण तोच भिंतीला चिकटला, शेजारी जमवले, सगळ्यांनी मिळून अंगाभोवती चिकट पांघरूण तयार केलं, की वरचे थोडे मरतात, खालचे राहतात, आणि पाणी वाहू लागलं की तुकड्या-तुकड्याने सुटून पुढे जातात. आज त्याला सगळे बायोफिल्म म्हणतात. तेव्हा आमच्याकडे तो शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. मी दोन वर्षं आकडे जमवले. एके दिवशी माझी वही सापडेना. महिन्याने पुण्याच्या परिषदेत सबनीसांनी निबंध वाचला. लेखक एकच, ते. शेवटच्या ओळीत, 'तांत्रिक साहाय्य : एम. रिसबूड'. मी चौथ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

सोमवारी दुपारी पहिली पाळी संपल्यावर पंप बंद झाला, तेव्हा मी डायलिसिस विभागात गेलो. शेवटच्या मशीनच्या पुढे पाइपाचा हातभर तुकडा टोपण लावून तसाच सोडलेला होता. मी टोपण काढलं आणि कापसाची काडी आत फिरवली. काडीवर करडा लपका आला.

"काय साहेब, आमच्या नळातलं लोणी काढताय का?"

शेवटच्या खाटेवर काशिनाथ तोडकर होते. एसटीत कंडक्टर, मूत्रपिंडं गेल्यामुळे नोकरी लवकर सोडलेले, मोहोळकडचे. दोन कांबळी अंगावर होती आणि तरी हनुवटी हलत होती.

"आजही थंडी वाजली?"

"वाजली? दात आसं वाजत्यात जशी एष्टीची खिडकी. तासभर चाललं. डाक्टर म्हणत्यात, पाणी साफ हाय, तुमीच मनात भ्या घेतलंय." ते थोडं उठून बसले. "बालाघाटात बिरेक फेल झाला तवा मी दारात उभा ऱ्हाऊन लोकास्नी धीर देत हुतो. तवा न्हाई भ्यालो, आन आता ह्या रबरी नळीला भ्यू?"

"तोडकर, गप पडा," सिस्टर साळवे म्हणाल्या. "ताप उतरायचाय अजून."

"मी गप ऱ्हातो, दात ऱ्हात न्हाईत."

मी काडी काचेच्या नळीत घातली, थायोसल्फेट टाकलेल्या बाटलीत पाणी घेतलं आणि खाली आलो. जंतू वाढवायच्या काचेच्या दोन प्लेटा घेतल्या, पाणी एकीवर पसरलं, काडी दुसरीवर फिरवली. उबवण्याच्या पेटीत दोन्ही ठेवल्या.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तीनदा तपासत आलो. घराला कुलूप लावून परत वर जाणारा माणूस मी. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की नुसत्या वासावर बोलणं बरोबर नाही, जंतू वाढलेले दिसले पाहिजेत. हे म्हणणं चूक नव्हतं. पण शंकेचा मला एवढा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

बुधवारी सकाळी दहाला पेटी उघडली. दोन्ही प्लेटा गच्च भरल्या होत्या. पाण्याच्या प्लेटवर बारीक पिवळट ठिपके, मोजता येऊ नयेत इतके. काडीची प्लेट तर दह्यासारखी दिसत होती. सकाळी साडेदहाला मी तिथे उभा राहून त्या प्लेटा पाहत होतो आणि एप्रॉन काढून वर बिराजदारांकडे जायच्या विचारात होतो. खरंच होतो. एक बाही काढली होती.

तेवढ्यात दार उघडून सबनीस आत आले.

"काय रिसबूड! तळघरात बसून बसून पांढरे पडलात तुम्ही." त्यांनी स्टूल ओढून घेतलं. साठीला आले होते, पण आवाज वर्गात घुमायचा तसाच. "सोमवारचा अहवाल?"

"बाटलीतल्या पाण्यात काही वाढलं नाही, सर."

"शून्य?"

"शून्य."

"चौथा शून्य! शुक्रवारी विज्ञान दिनाचा कार्यक्रम आहे ना इथे वर सभागृहात, तिथे विश्वस्त माझा सत्कार करणार आहेत. मी म्हटलं, सत्कार कसला करताय. पण ऐकत नाहीत. ही पद्धत आता इतर रुग्णालयांनाही सुचवायची म्हणतायत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एक बाही लोंबत असलेल्या खांद्यावर. "तुम्ही येणार ना? तुमचं नाव घेईन मी. तांत्रिक साहाय्य तुमचंच आहे, ते मी विसरत नाही."

मी बाही पुन्हा चढवली.

"येतो, सर," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी पेटीचं दार लावलं. शुक्रवार. दोनच दिवस तर होते. ती सगळी मंडळी समोर बसलेली असतील, कॉलेजचे प्राध्यापक असतील, विश्वस्त असतील. अकरा वर्षं मी घरी एकट्याने ज्या वाक्यांची तालीम केली होती, त्यातलं एकही आता लागणार नव्हतं. कारण आता एका साध्या प्रश्नात काम भागणार होतं. त्या माणसाने ते काम स्वतःच्या हाताने एकदा तरी केलं असतं, तर त्याला थायोसल्फेट विसरणं शक्यच नव्हतं. चोरलेल्या कामात हात नसतो. हे मला शुक्रवारी सगळ्यांना दाखवायचं होतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला सिस्टर साळवे माझ्या खोलीत आल्या. एरवी त्या वेळी त्या कधी खाली येत नसत.

"रिसबूड सर, आज तोडकरांचा नंबर आहे. लावू ना?"

"मला का विचारता? बिराजदार साहेबांना विचारा."

"साहेब म्हणतात अहवाल शून्य आहे, लावा. मी तुम्हाला विचारतेय. सोमवारी तुम्ही बाटली हुंगायला लावलीत, दुपारी येऊन नळ खरवडलात. काय निघालं?"

उबवण्याची पेटी त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर होती.

"अहवाल शून्य आहे, सिस्टर," मी म्हणालो.

"नक्की?"

"अहवालावर तेच लिहिलंय."

मी सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं. खाली काच नव्हती. नुसता उजेड दिसत होता.

दुपारी मला कळलं. तोडकरांना एकशे चारपर्यंत ताप चढला, उलट्या झाल्या, खाट हलायला लागली. बिराजदार तापट माणूस. ते सगळ्या रुग्णांसमोर म्हणाले, "पाणी तपासलंय, चारदा तपासलंय. तुम्ही घाबरता म्हणून हे होतंय. बाकीच्यांनाही घाबरवताय." तोडकरांनी सुया काढायला लावल्या, कांबळ्यांची घडी घातली आणि म्हणाले, "भित्रा तर भित्रा. आता न्हाई येणार." सुनेला घेऊन ते मोहोळच्या गाडीने निघून गेले.

"दोन-तीन वेळा डायलिसिस चुकलं की माणूस संपतो," सिस्टर जिन्यात मला म्हणाल्या. "त्यांना माहीत आहे. तरी गेले."

मी मनात हिशेब केला. शुक्रवारी सांगितलं, शनिवारी निरोप पोचेल, सोमवारी ते येतील. एक दिवसाने काय होतंय. असं मला तेव्हा खरोखर वाटलं.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. बिराजदार, विश्वस्त, कॉलेजचे दहा-बारा प्राध्यापक, नर्सेस. शाल-श्रीफळ झालं. सबनीस बोलायला उभे राहिले. "जंतू कुठे राहतात? पाण्यात नाही, भिंतीवर राहतात!" हे माझं वाक्य होतं. त्यांनी पाइपांचं चित्र दाखवलं, तेही मीच काढलेलं. शेवटी चार शून्यांचा तक्ता लागला. टाळ्या. "काही प्रश्न?"

मी उभा राहिलो. वीस वर्षांत मी सभेत प्रश्न विचारला नव्हता.

"सर, एक शंका आहे."

"बोला, रिसबूड! हे माझे जुने विद्यार्थी. प्रयोगशाळेतलं सगळं तांत्रिक साहाय्य..."

"नमुन्याच्या बाटल्यांत थायोसल्फेट होतं का?"

विश्वस्तांना काही कळलं नाही. पण पुढच्या दोन रांगांतले प्राध्यापक हलायचे थांबले. एका बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे?" सबनीस म्हणाले.

"क्लोरीन मारायला. नाहीतर जंतू बाटलीतच मरतात. अहवाल शून्यच येणार, पाइपात काहीही असो."

"हे... पद्धतीत असं काही..." ते कागद उलटू लागले. त्यांचा चेहरा लाल झाला. "प्रत्येक तपशील कुणी सांगायचा असतो का? तुमच्या वहीत तरी ते कुठे लिहिलं होतं!"

ते बोलले ते त्यांना उशिरा ऐकू आलं.

"माझी वही तुम्ही वाचली होतीत, सर?" मी विचारलं.

कॉलेजच्या प्राचार्यांनी मान खाली घातली. सबनीसांच्या अंगावरची शाल एका खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मला ते दृश्य जसंच्या तसं डोळ्यांसमोर आणता येतं, आणि आणल्यावर बरं वाटतं. उगाच खोटं कशाला लिहू.

मी पिशवीतून प्लेट काढली आणि उंच धरली. "हे त्याच पाइपातलं आहे. शेवटच्या मशीनपुढचं."

बिराजदार उठून उभे राहिले. "म्हणजे पेशंट सांगत होते ते..."

"खरं सांगत होते," मी म्हणालो.

बिराजदार तसेच दाराकडे धावले, मशिनं बंद करायला. लोक उठू लागले. सबनीस मंचावरून खाली आले आणि त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला.

"बघू."

मी प्लेट दिली. त्यांनी वरून पाहिली. मग उलटी केली. आमच्या कामात झाकणावर कधीच काही लिहीत नाहीत, झाकणांची अदलाबदल होऊ शकते. जे लिहायचं ते तळाला, काचेवर लिहायच्या पेन्सिलने. हात ते आपोआप करतो. प्लेट ठेवली त्याची तारीख, आणि जेव्हा जेव्हा पाहिली त्याची तारीख, आणि काय दिसलं ते. मी लोकांना फक्त वरची बाजू दाखवायची असं ठरवलं होतं. खालची बाजू आहे, हेच मी विसरलो होतो.

सबनीसांनी बराच वेळ तळ पाहिला. मग ते वळले.

"सिस्टर, जरा वाचता? माझा जवळचा चष्मा नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. सिस्टर साळवेंनी प्लेट हातात घेतली.

"चोवीस, दोन," त्यांनी वाचलं. "त्याखाली... सव्वीस, दोन. सकाळी दहा. मोजण्यापलीकडे."

"सव्वीसला वार कुठला होता?" सबनीसांनी विचारलं.

सिस्टरनी प्लेट माझ्या तळहातावर ठेवली.

"काल सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "लावू का म्हणून."

सबनीस शाल टाकून निघून गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. माझ्याशी त्या दिवशी सभागृहात कुणीच बोललं नाही.

शनिवारी सकाळी सातला सिस्टर माझ्या दारात. गणवेशात नव्हत्या, साध्या साडीत.

"चला."

"कुठे?"

"तोडकरांकडे. साहेबांनी सगळ्यांची दुसऱ्या दवाखान्यात सोय केलीय. त्यांना बोलवायचंय. आणि का बोलवतोय, ते तुम्ही सांगायचं."

एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत, पुढच्या बाकावर बसल्या. मोहोळपासून वस्तीपर्यंत आम्ही चालत गेलो. तोडकर ओसरीवर खाटेवर होते. दोन दिवसांत चेहरा सुजला होता, डोळे बारीक झाले होते.

"सिस्टरबाई! आन रिसबूडसाहेब बी! काय, आमच्या हिरीतलं लोणी काढाया आला का?"

"तोडकर," मी म्हणालो, "तुम्हाला भीती नव्हती वाटत. दोष पाण्यात होता. पाइपात जंतू होते."

ते कोपर टेकून जरा उठले.

"म्हंजे भ्या न्हवतं."

"नाही."

"अगं ए," त्यांनी आत सुनेला हाक मारली, "ऐकलंस का? तुझा सासरा भ्यालेला न्हवता! पाण्यातच खोट हुती!" ते सुजलेल्या तोंडाने हसले. "कुणी हुडकलं?"

मी सिस्टरकडे पाहिलं. त्या अंगणाकडे बघत होत्या.

"मी."

"तुमी? लई उपकार झालं बघा." त्यांनी हात जोडले. "कवा कळलं?"

"बुधवारी."

"सकाळच्याला का सांजला?"

"सकाळी. दहाला."

त्यांचे हात जोडलेलेच होते. ते हळूहळू खाली आले.

"मला तर बेस्तरवारी मशीन लावली."

"हो."

"मंग मधी कुणी सांगितलं न्हाई?"

"मला शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं. एका माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं होतं."

"मंग? बघितलं त्यानं?"

"बघितलं."

"बरं झालं," तोडकर म्हणाले. मान हलवून त्यांनी कांबळं पायांवर ओढलं.

"सोमवारी याल ना?" सिस्टरनी विचारलं.

"येतो की. पाणी चांगलं आसल तर मला काय."

सून दारात आली. "चहा टाकू का, मामा?"

"टाक की. मला चालत न्हाई." ते सिस्टरकडे पाहत होते. "येकच कप टाक. सिस्टरबाईंसाठी."

सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे, आणि आत गेली. चहा आला. विभागात सिस्टर साळवे चहा दोन घोटांत संपवून कामाला लागत. त्या दिवशी त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी पुन्हा भरली. परतीची गाडी अकराला होती. त्यांना घाई नव्हती.